वास्तुपुरुष पोलिसांच्या ताब्यात

आमच्या घरात वाईट बोलायचं असेल तर बाहेर गाडीत जाऊन बसावं लागतं. नियम सासूबाईंचा. वास्तुपुरुष घराखाली पालथा पडलेला असतो आणि दिवसभर ‘तथास्तु, तथास्तु’ म्हणत असतो. बिचाऱ्याला चांगलं काय नि वाईट काय, निवडता येत नाही. तेव्हा घरात अभद्र बोलायचं नाही. हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलं, त्यांनी मला सांगितलं, आणि मी पाळते. निदान गाडीपर्यंत पोचेस्तोवर तोंड आवरते.

मला राग पटकन येतो. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग ठेवलेलाच असतो. त्यामुळे ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या गाडीत, काचा वर करून, हातवारे करत बोलणारी बाई हे दृश्य आमच्या गल्लीला सवयीचं झालंय. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या या नव्या वसाहतीत आपली माणसं पुष्कळ, ती समजून घेतात. बाकीच्यांना वाटतं मी फोनवर आहे.

पण त्या गाडीत आम्ही सगळ्यात जास्त बसलो ते केसच्या काळात. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, पोलिसांवर केस केली होती. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला, कंत्राटदाराचा चहासुद्धा न प्यायलेला माणूस. हे चहाचं आई, म्हणजे सासूबाई, सांगायच्या. बाबा स्वतः कधी सांगत नसत, पण आई सांगत असताना त्यांना थांबवतही नसत.

झालं असं. आम्ही घर बांधायला घेतलं होतं. जमीन आमच्या नावावर झालेली, पण काम होईपर्यंत ताबा बिल्डरचा. त्याने चारी बाजूंनी जाळीचं तात्पुरतं कुंपण घातलेलं आणि दोन दिवसांत काँक्रीटची स्लॅब पडणार होती. आम्ही तेव्हा जवळच भाड्याच्या घरात राहत होतो, आणि आई-बाबा पुण्याचं घर आवरून कायमचे आमच्याकडे आले होते. बाबांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढून विचारलं, “सगळ्या घराखाली स्लॅब? मग वास्तुपुरुष कुठे ठेवणार?”

आपल्याकडे वास्तुशांतीत घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून त्याची छोटी प्रतिमा पुरतात. इथे नंतर खड्डा करायचा म्हणजे स्लॅब फोडायची. माझा नवरा म्हणाला, “बाबा, साइटवर कुणाला जाऊ देत नाहीत. सेफ्टी इंडक्शन लागतं, हेल्मेट लागतं, स्पेशल बूट लागतात.”

बाबा म्हणाले, “बरं.”

या ‘बरं’चा अर्थ नवऱ्याने ‘विषय संपला’ असा घेतला. चाळीस वर्षांचा झाला तरी त्याला आपला बाप कळला नव्हता.

बाबांनी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. एक अख्खी संध्याकाळ चर्चा. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, मग आग्नेय दिशा तीच धरायची की फिरवायची? शेवटी गुरुजी म्हणाले, होकायंत्र दाखवेल ती आग्नेय, पुढे चला. आधी प्रतिमा ठेवून घ्या, शांत नंतर करू. पहाटेचा मुहूर्त निघाला, सात वाजता ट्रेडी लोक, म्हणजे बांधकामाचे कारागीर, यायच्या आधीचा. आणि एक अट घातली. प्रतिमेची पेटी हातात घेतल्यापासून वरची माती सारखी होईपर्यंत मौन. त्या वेळात तोंडातून जो शब्द जाईल तो त्याच्याबरोबर घरात पुरला जातो.

नवरा रात्रपाळीला होता, मी झोपले होते. बाबा एकटेच निघाले. ऐन हिवाळा. खाली धोतर, वर नवऱ्याचं काळं फुगीर जाकीट, डोक्याला माकडटोपी, कपाळावर गंध, खिशात पेटी, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात फोनमधलं होकायंत्र. जाळी बाजूला सारून आत गेले आणि आग्नेय कोपऱ्यात गुडघे टेकून खणायला लागले.

समोरच्या घरात एक वयस्कर बाई एकटी राहायची, सोबतीला एक लठ्ठ कुत्रा. तेव्हा आमची ओळख नव्हती. तिच्या घराचं काम चालू असताना तांब्याचे पाइप दोनदा चोरीला गेले होते. तिने चहाची किटली लावता लावता खिडकीतून पाहिलं तर काळ्या जाकिटातला माणूस बंद साइटवर खड्डा खणतोय. तिने पोलिसांना फोन केला. तिच्या जागी मी असते तर मीही केला असता.

पोलीस दोघं आले. एक दांडगा कॉन्स्टेबल आणि एक अगदी तरुण मुलगी, नवीनच भरती झालेली. त्याने विचारलं, “काय चाललंय, मेट?” बाबांनी पेटी नुकतीच हातात घेतली होती. त्यांनी डावा हात वर करून ‘थांबा’ अशी खूण केली. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच खूण. मग खुरपं खाली टाका म्हणाला. बाबांनी टाकलं नाही, कारण माती लोटायची राहिली होती. त्यांनी पेटी आत ठेवली, माती लोटली, हाताने सारखी केली, नमस्कार केला, उठून उभे राहिले आणि आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणाले, “नाऊ आय शॅल एक्सप्लेन.”

पण तोवर त्यांच्या हातात बेड्या पडत होत्या.

पोलिसांनी खड्डा उकरला. पेटीत काय, तर लाल कापड, सात धान्यं, सोन्याचा एक कण आणि प्रतिमा. प्रतिमा तांब्याची! पाइपवाले चोर ज्या वस्तूसाठी येत होते नेमकी तीच. मी कपाळावर हात मारला, तुम्हीही मारा.

तीन तासांनी नवरा कागदपत्रं घेऊन चौकीत पोचला, उलगडा झाला, बाबांना सोडलं. गुन्हा नाही, काही नाही. सोडताना काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, “ऑल सॉर्टेड. नो वरीज.”

“नो वरीज?” बाबा घरी येऊन म्हणाले. तेवढंच. मग आंघोळ केली आणि माझ्याकडे रेघांचे कागद मागितले.

त्यांना एक पत्र हवं होतं. आमची चूक झाली, हा माणूस चोर नव्हता, एवढं लिहिलेलं, खाली सही आणि शिक्का. मी म्हटलं, बाबा, फोनवर बोलू या का त्यांच्याशी? तर म्हणाले, “तोंडी नको. तोंडी आज आहे, उद्या नाही. कागद पाहिजे.” त्यांनी नाडीची फाइल उघडली, पहिल्या पानावर स्वतःच्या ठाशीव अक्षरात अनुक्रमणिका आखली आणि पत्रं लिहायला सुरुवात केली. उत्तरं यायची, फार सभ्य. अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणेच कारवाई केली, असं प्रत्येकात असायचं.

दोन महिन्यांनी वास्तुपुरुषाची पेटी परत न्यायला बोलावलं. बाबा आणि मी गेलो. समोर फॉर्म आला. वस्तूच्या वर्णनाच्या रकान्यात टाइप केलं होतं, ‘चोरीचा असल्याचा संशय असलेला माल’. बाबांनी पेनाचं टोपण परत लावलं.

“बाबा, करा हो सही,” मी कुजबुजले. माझी शिफ्ट सुरू व्हायला अर्धा तास राहिला होता आणि डोकं तापायला लागलं होतं. “नुसता फॉर्म आहे. कोण वाचतंय?”

“मी वाचलंय ना,” बाबा म्हणाले.

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. मी गाडीत एवढी बडबडले, एवढी बडबडले, आणि ते शेजारच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन शांत बसलेले. तिकडे स्लॅब पडली, घर उभं राहिलं, आम्ही राहायला गेलो. गॅस आला, पडदे आले, माझ्या आवडीची गंजरंगी टाइल आली. वास्तुपुरुष तेवढा पोलिसांच्या कपाटात, पिशवीवर नंबर लावलेला.

राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी समोरची बाई लॅमिंग्टन केक घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. फोन मीच केला होता म्हणाली. बाबांनी तिला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, “मॅडम, त्या दिवशी तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.” तेव्हापासून ती आमची शेजारीण. तिच्या कुत्र्याला आईंच्या हातची पोळी आवडते, म्हणून तो आणखी लठ्ठ झालाय.

शेवटी बाबांनी वकील गाठली. जवळच्या वेरिबी गावात एका बेकरीच्या वर तिचं ऑफिस, पोरसवदा मुलगी, बोलायला फटाकडी. तिने बाबांची फाइल चाळली आणि म्हणाली, असा क्लायंट मला आजपर्यंत मिळाला नाही, जिंकलो तरच फी घेईन. बेकायदा अटक, असा दावा लावला. खालच्या कोर्टात हरलो. अडीच मिनिटं विचारूनही माणूस उत्तर देत नाही, हातातलं खुरपं टाकत नाही, मग पोलिसांना संशय येणार नाही तर काय? बाबांनी निकाल नीट वाचला, तीन ठिकाणी अधोरेखित केला, फाइलला लावला आणि अपील करायला सांगितलं.

अपिलाची तारीख लागायच्या आधी एका दुपारी, खुर्चीत बसल्याबसल्या, चष्मा डोळ्यावर असतानाच बाबा गेले. काही त्रास नाही, कुणाला हाक नाही. असं जाणं मिळावं म्हणतात, ते खरं आहे. पण मागे राहिलेल्यांना दुपारची खुर्ची बघवत नाही, तेही खरं आहे.

दिवसवार झाल्यावर वकीलबाईंचा फोन आला. आता केस बाबांच्या इस्टेटच्या नावाने चालेल आणि मृत्युपत्राप्रमाणे आई तिच्या एक्झिक्युटर, म्हणजे निर्णय आईंचा. नवरा आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. बाबांची इस्टेट! दोन स्वेटर, रक्तदाबाचं मशीन, लायब्ररीचं कार्ड आणि ती फाइल. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आम्हाला हसू फुटलं, आणि आईंना सांगितलं तर त्यांनाही.

वकीलबाईंनी एक मात्र स्पष्ट सांगितलं. चान्स कमी आहे. समोरची बाजू म्हणतेय की आत्ता मागे घेतलंत तर आम्ही कोर्टाचा खर्च मागणार नाही. विचार करा.

विचार करायला आम्ही गाडीत बसलो. नवरा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे आई आणि माझी आठ वर्षांची लेक. गाडी बंद, तरी आईंनी पट्टा लावला. मी म्हटलं, “अहो आई, सोडून देऊ या. बाबाच नाहीत तर पत्र कुणाला देणार ते?”

“मला देतील,” आई म्हणाल्या. “यांना द्यायचं होतं, मला द्या. मी ठेवीन. उद्या हिला शाळेत कुणी म्हणालं, तुझ्या आजोबांना पोलिसांनी धरून नेलं होतं, तर ही काय दाखवणार?”

लेक खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “आजी, नोबडी केअर्स. ऑनेस्टली.”

“मी केअर्स,” आई म्हणाल्या. विषय संपला. पट्टा सोडून उतरल्या.

सुनावणीच्या दिवशी सकाळी माझ्या हातून घडायचं ते घडलंच. ऑफिसची रजा मिळता मिळता नाकी नऊ आलेले, ट्रेन चुकेल अशी वेळ, आणि आई ओट्यापाशी शांतपणे कोर्टात न्यायला दशम्या लाटतायत. तिथे कॅफे असतो म्हटलं तरी ऐकेनात. माझा तोल गेला. “कशाला एवढं सगळं? हरणार आहोत आपण! लिहून देते, हरणार आहोत!”

स्वयंपाकघराच्या मधोमध. घरात. मी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच. आईंनी गॅस बंद केला, दशम्या फडक्यात बांधल्या आणि म्हणाल्या, “चल, ट्रेन जाईल.”

नऊवारीत नाही, पैठणीत नाही, साध्या निळ्या सुती साडीत, पायात पांढरे स्नीकर, अशा आई तीन न्यायाधीशांसमोर जाऊन बसल्या. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याची फिल्म तिथे पुन्हा दाखवली. आईंनी ती आधी कधी पाहिली नव्हती. खालच्या कोर्टाच्या वेळी त्या तापाने झोपून होत्या. पडद्यावर बाबा दिसले, गुडघ्यावर बसलेले, टॉर्चच्या उजेडात, हात वर करून ‘थांबा’ म्हणत असलेले. आई माझ्याकडे वाकल्या आणि म्हणाल्या, “मफलर घातला नव्हता बघ. मी शंभरदा सांगितलं होतं.”

निकाल काही महिन्यांनी आला. फोन आला तशी मी तो घेऊन ड्राइव्हवेत धावले. अपील फेटाळलं. वकीलबाईंनी मुद्दाम एक वाक्य समजावून सांगितलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की हा माणूस चोर होता की नव्हता हा प्रश्न आमच्यापुढे नाहीच. त्या पहाटे, त्या अडीच मिनिटांत, पोलिसांनी जे पाहिलं त्यावरून संशय घेणं रास्त होतं का, एवढाच प्रश्न आहे. आणि ते रास्त होतं. खर्च मागणार नाही असं मात्र पोलिसांनी आपणहून कळवलं होतं.

आईंना गाडीत बसवून सांगितलं. त्यांनी सवयीने पट्टा लावला.

“प्रश्नच नाही?” त्या म्हणाल्या. “मग इतकी वर्षं हे कुठला प्रश्न विचारत होते?”

मला इतका राग आला होता, आणि या खेपेला ओरडायला समोर कुणीच नव्हतं. जो काही राग होता तो स्वतःवरच. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो तेव्हा मला राहवलं नाही.

“आई, माझ्यामुळे झालं. त्या दिवशी मी घरात बोलले, हरणार म्हणून.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागल्या. हातातली जुडी बाजूला ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “अगं वेडे, तो घरात होता कुठे? तो तर पोलिसांच्या कपाटात! तिथे बसून त्यांनाच तथास्तु म्हणत असणार. म्हणून तर जिंकले मेले!”

मी थक्क. “मग इतकी वर्षं आम्हाला ऊठसूट गाडीत का बसवलंत?”

“सवय राहावी म्हणून,” आई म्हणाल्या. “तो परत आल्यावर पंचाईत नको.”

आणि तो परत आला. केस संपली, आता वस्तू पुरावा म्हणून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. मला वाटलं होतं चौकीत जावं लागेल, पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा तोच रकाना, आणि या वेळी मीच टेबलावर हात आपटणार. पण एका दुपारी दारात पोलिसांची गाडी थांबली. तीच मुलगी, त्या पहाटेची नवखी कॉन्स्टेबल. आता खांद्यावर पट्ट्या वाढलेल्या, चेहरा भरलेला. दोन्ही कोर्टांत ती येऊन बसली होती, आम्ही पाहिलं होतं. हातात सीलबंद पिशवी. तिने दारात पायांकडे बघत विचारलं, “बूट काढू का?”

तिने बूट काढले. ते काढायला तिला चांगला वेळ लागला, एवढ्या नाड्या. मग आत येऊन दोन्ही हातांनी पिशवी टेबलावर ठेवली. पेटी होती, लाल कापड होतं, आणि बाबांचं खुरपंही होतं.

आईंनी चहा टाकला तर नको म्हणाली. लाडू पुढे केले तर म्हणाली, “सॉरी, ड्युटीवर काही घेता येत नाही. पाणी चालेल.”

“अगदी यांच्यासारखी,” आई माझ्याकडे वळून म्हणाल्या. चांगल्याच खूश झाल्या होत्या.

मग तिने फॉर्म काढला. मी तो आईंच्या हातात पडायच्या आधीच ओढून घेतला आणि तो रकाना शोधला. टाइप केलेलं काही नव्हतं. सगळा फॉर्म हाताने भरलेला, शाळकरी गोल अक्षरात. मी आईंना मराठीत वाचून दाखवला.

“वस्तू: पूजेची तांब्याची प्रतिमा, सोन्याचा कण, धान्य, लाल कापड, बागेचं खुरपं. मालक:” आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एक अक्षर न चुकता. “मालक मयत. वस्तू मालकाच्या घरी परत केली.”

“पुन्हा वाच,” आई म्हणाल्या.

मी वाचला.

“मालक म्हणून यांचंच नाव आहे?”

“त्यांचंच.”

“शिक्का आहे?”

“आहे.”

“सही कुणाची?”

“हिची.”

“पुन्हा वाच.”

तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फुटला. आईंचा नाही. त्यांनी पेन घेतलं आणि फॉर्मवर देवनागरीत सावकाश सही केली. मुलीने एक प्रत आम्हाला दिली. बूट घालताना, मान खाली घालूनच, ती म्हणाली, “त्या दिवशी माझा नोकरीतला दुसरा आठवडा होता.” आईंना मी भाषांतर करून सांगायच्या आधीच त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

पुढच्या शनिवारचा मुहूर्त निघाला. पहाटेचाच. स्लॅब फोडायचा प्रश्न नव्हता, गुरुजींनी अंगणाची आग्नेय चालेल म्हणून सांगितलं. अंगणाची आग्नेय म्हणजे आमच्याकडे कचऱ्याचे डबे आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्या मधली जागा. डबे हलवले. नवऱ्याने बाबांच्याच खुरप्याने खड्डा खणला, आईंनी पेटी हातात घेतली आणि आमचं चौघांचं मौन सुरू झालं. आईंच्या गळ्यात बाबांचा मफलर होता.

तेवढ्यात समोरची शेजारीण ड्रेसिंग गाऊनमध्ये कुत्र्याला घेऊन बाहेर पडली. रस्त्यापलीकडून तिने पाहिलं, भल्या पहाटे ही मंडळी पुन्हा खड्डा खणतायत. ती पार आमच्या लेटरबॉक्सपर्यंत आली. “मॉर्निंग! ऑल गुड?”

काय सांगणार? आम्ही चौघांनीही डावा हात वर केला. थांबा.

“सगळं ठीक आहे ना?” तिने पुन्हा विचारलं.

पुन्हा चार हात वर. लेकीचा सगळ्यात उंच.

दुसरं माणूस आपल्याला सरळ काही विचारतंय, काळजीने विचारतंय, आणि उत्तर जिभेवर असून ते द्यायचं नाही, हे किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मला! जिला पंधरा सेकंद गप्प बसवत नाही. बाबा अडीच मिनिटं बसले होते, डोळ्यांवर टॉर्च असताना, पोलीस ओरडत असताना. ‘मी चोर नाही’ एवढे तीन शब्द बोलले असते तर सुटले असते. पण मग ‘चोर’ हा शब्द आमच्या घराखाली गेला असता. म्हणून नाही बोलले.

शेजारणीने आमच्याकडे पाहिलं, कचऱ्याच्या हलवलेल्या डब्यांकडे पाहिलं, आईंच्या हातातल्या लाल कापडाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तिने एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने कुत्र्याचं तोंड धरलं, आणि माती सारखी होईपर्यंत तशीच उभी राहिली. कुत्रा बिचारा शेपटी हलवत होता.

आई उठल्या, हात झटकले. “आता बोला काय बोलायचं ते,” त्या म्हणाल्या. “पण जपून. आता तो आहे.”

शेजारीण चहाला आत आली. नवऱ्याने पोहे केले, ते नेहमीसारखे कोरडे झाले, आणि मी त्याबद्दल चांगलं तेच बोलले. सगळं आवरल्यावर आईंनी कपाटातून बाबांची फाइल आणली. पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. अनुक्रमणिकेच्या अगदी तळाशी, बाकीच्या नोंदींपासून जरा अंतर सोडून, बाबांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, ‘पोलिसांचा कागद, पान क्रमांक’. पुढची जागा कोरी.

आईंनी फॉर्मला भोकं पाडली, नाडीत ओवला. मला पानं मोजायला सांगितली. मी मोजली, दोनशे चौदा. त्यांनी चष्मा लावला आणि त्या कोऱ्या जागेत, बाबांच्या अक्षराला लागून, आकडा लिहिला. मग नाडी बांधली, जशी ते बांधत, दोन वेढे आणि सरकती गाठ.

माझे डोळे भरून आले. मी सवयीने गाडीची किल्ली उचलली आणि दाराकडे निघाले.

“कुठे निघालीस?” आई म्हणाल्या. “बस इथेच. रडायला गाडीत जावं लागत नाही.”